आयर्विनला पाणी किती? नोड, एक्सप्रेस आणि एसक्यूलाइट वापरून पाणीपातळीची छोटी एपीआय, पहिल्यापासून

पावसाळ्यात सांगलीत एकच प्रश्न घरोघरी फिरत असतो, आयर्विनला (कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी) पाणी किती झालं. व्हॉट्सॲपवर उत्तरं ढिगानं येतात पण कुणाचं सकाळचं असतं, कुणाचं कालचं, कुणी नुसता फोटो टाकतो आणि त्याच्यावर वेळच नसते, आणि कुणी ४१.६ असं लिहितो तेव्हा ते एकेचाळीस फूट सहा इंच की एकेचाळीस फुटावर सहा दशांश हे कुणालाच सांगता येत नाही. सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट आणि डेटाबेस शिकायला यापेक्षा चांगला विषय मला तरी दिसत नाही, कारण इथं डेटा छोटा आहे पण आकडा चुकला तर सूर्यवंशी प्लॉट किंवा कर्नाळ रोडवरचा माणूस सामान वर चढवायचं की नाही ते चुकीचं ठरवेल. म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त वेळ कोडवर नाही तर टेबलावर घालवणार आहे. चुकीची नोंद डेटाबेसनं स्वतःच नाकारली पाहिजे, हे एवढं जमलं तर बाकीची एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामनं विचारलं की उत्तर देणारा सर्व्हरवरचा भाग, एका दुपारी होते.

एक सुरुवातीलाच सांगतो, पुराचा अधिकृत इशारा हा पाटबंधारे आणि आपत्ती व्यवस्थापनाकडूनच येतो आणि घर सोडायचं की नाही ते त्यावरच ठरवायचं. आपण बनवतोय ते गल्लीतल्या लोकांच्या नोंदी नीट एका जागी ठेवणारं साधन.

तुम्ही विश्रामबागेत क्लास लावलेला असो किंवा तासगावात घरी बसून व्हिडिओ बघून शिकत असा, फंक्शन, ऑब्जेक्ट, ॲरे एवढं येत असलं की पुरे. लेखात कमांड आणि नावं बोलतो तशी लिहिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणि छोट्या अक्षरात टाकायची.

सामान गोळा करू

नोड जेएस म्हणजे ब्राउझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम. २००९ साली रायन डालनं तो आणला, आत क्रोमचंच व्ही-८ इंजिन आहे. साइटवरनं उतरवताना एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहणारं) लिहिलेलं व्हर्जनच घ्या, नवीनतम दिसलं म्हणून ते घेऊ नका. याला कारण आहे, आपण जी डेटाबेसची लायब्ररी वापरणार आहोत ती सी प्लस प्लस मध्ये लिहिलेली आहे आणि एलटीएस व्हर्जनसाठी तिचा तयार माल मिळतो, नाहीतर ती तुमच्या मशिनवर कंपाइल व्हायला बघते आणि विंडोजवर पायथन, व्हिज्युअल स्टुडिओ असलं मागत बसते.

एक फोल्डर करा, टर्मिनलमध्ये त्यात जा आणि 'एनपीएम इनिट' चालवा (एनपीएम म्हणजे नोडसोबतच येणारा, लायब्ररी उतरवणारा प्रोग्राम), पुढं डॅश वाय लावला की ते प्रश्न विचारत नाही. पॅकेज डॉट जेसन फाइल तयार होते, ती उघडून 'टाइप' या की समोर 'मॉड्यूल' टाका म्हणजे इम्पोर्ट वापरता येतं. मग 'एनपीएम इन्स्टॉल', त्यापुढं 'एक्सप्रेस' (सर्व्हर लिहायची लायब्ररी) आणि 'बेटर-एसक्यूलाइट३' (डेटाबेसची). झालं.

आता कुणी म्हणेल मोंगो का नाही, पोस्टग्रेस का नाही, तेही डेटाबेसच आहेत. मोंगो इथं नकोच, आपल्या नोंदींचा आकार ठरलेला आहे आणि नियम कडक हवेत. पोस्टग्रेस उत्तम आहे पण त्याचा वेगळा सर्व्हर चालवायचा, युजर पासवर्ड बनवायचे, आणि शिकणारा माणूस तिथंच दमतो. एसक्यूलाइट हा २००० सालापासूनचा डेटाबेस, सगळा एका फाइलीत, तुमच्या फोनमध्येही तोच आहे. दिवसाला काही शे नोंदी आणि हजारो वाचणारे एवढं तो आरामात झेपवतो. लिहिणारा एका वेळी एकच चालतो ही त्याची मर्यादा, ती आपल्याला अडत नाही.

टेबल आधी, कोड नंतर

पहिला निर्णय, पातळी कशात साठवायची. लोक बोलतात फूट-इंचात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं होतं, हे कुणी ५७.५ लिहितो आणि कुणी ५७ फूट ६ इंच म्हणून ५७.६ लिहितो, दोघांच्या डोक्यात एकच पातळी असते पण कॉम्प्युटरसाठी ते दोन वेगळे आकडे आहेत. त्यातून ११ इंच आले की ४१.११ लिहितात आणि मग तर ४१.११ हा ४१.६ पेक्षा लहान ठरतो, म्हणजे पाणी पाच इंच चढलंय आणि ग्राफ खाली आलाय. म्हणून दशांश चिन्ह हद्दपार करा. साठवायचं फक्त एकूण इंचात, पूर्णांकात. ४१ फूट ६ इंच म्हणजे ४९८. दाखवताना बारानं भागायचं, भागाकार फूट, बाकी इंच. बेरीज, वजाबाकी, तुलना सगळं सरळ होतं.

दुसरा निर्णय, वेळ. सर्व्हर बऱ्याचदा परदेशातल्या घड्याळावर चालतो आणि आपण साडेपाच तास पुढं. 'सकाळी ७' असा मजकूर साठवला तर तो कुणाचा ७ हे नंतर कळणार नाही. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले तो आकडा साठवा, युनिक्स टाइम म्हणतात त्याला. जावास्क्रिप्टचं 'डेट डॉट नाऊ' मात्र मिलिसेकंद देतं, तेव्हा १००० नं भागून खालचा पूर्णांक घ्या. सध्याचा सेकंदांचा आकडा १० अंकी असतो आणि मिलिसेकंदांचा १३ अंकी, हे लक्षात ठेवलं की गडबड नुसत्या नजरेनं ओळखता येते.

आता टेबलं. पहिलं 'ठिकाणं'. त्यात आयडी, नाव, इशारा पातळी आणि धोका पातळी, दोन्ही इंचात. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट म्हणजे ४८० आणि धोका पातळी ४५ फूट म्हणजे ५४०. कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, अंकली, म्हैसाळ ही ठिकाणं पुढं घालता येतील, पण प्रत्येक ठिकाणची पाणी मोजायची पट्टी वेगळी आणि धोक्याचा आकडाही वेगळा. अंकली तर हरिपूरच्या संगमाच्या खाली, तिथं वारणेचं पाणीही मिळालेलं असतं. म्हणून हे दोन कॉलम रिकामे ठेवता आले पाहिजेत. आकडा खात्रीनं माहीत नसेल तर नल (म्हणजे रिकामं) ठेवा, अंदाजानं ४५ भरू नका. आणि ही पातळी कोडमध्ये कुठंही लिहून ठेवायची नाही, ती टेबलातूनच वाचायची.

दुसरं टेबल 'नोंदवणारे'. आयडी, टोपणनाव, गुप्त चावीचा हॅश (चावीवरून काढलेला, उलटा फिरवता न येणारा ठसा), आणि चालू की बंद. लोकांचा फोन नंबर, पत्ता काही घेऊ नका, जे साठवलं नाही ते फुटत नाही.

तिसरं 'नोंदी', हेच मुख्य. आयडी, ठिकाणाचा आयडी, नोंदवणाऱ्याचा आयडी, इंच, पातळी बघितली ती वेळ, आणि सर्व्हरला पोचली ती वेळ. या दोन वेळा वेगळ्या ठेवायच्याच, कारण पुराच्या दिवसात नेटवर्क जातं आणि ७ ला बघितलेली पातळी ९ ला पोचते. शिवाय 'स्थिती' नावाचा कॉलम, त्यात ठीक, संशयित किंवा रद्द यातलंच एक.

क्रिएट टेबल लिहिताना शेवटी कंसाबाहेर 'स्ट्रिक्ट' हा शब्द टाका. हे फार महत्त्वाचं आहे. एसक्यूलाइट मूळचा सैल आहे, इंटिजर कॉलममध्ये 'साडे एकेचाळीस' असा मजकूर दिला तरी मुकाट घेतो. स्ट्रिक्ट टाकलं की तो नकार देतो. ही सोय २०२१ च्या ३.३७ व्हर्जनपासून आहे. मग इंच आणि वेळा या कॉलमना 'नॉट नल', इंचांना 'चेक' लावून ० ते ९६० च्या आतच, स्थितीला चेक लावून ते तीनच शब्द, वेळेलाही चेक लावून वरची मर्यादा ४१०२४४४८०० म्हणजे इसवी सन २१०० चा पहिला सेकंद, म्हणजे चुकून मिलिसेकंद आले तर तिथंच अडतील. शेवटी 'युनिक' हे ठिकाण, वेळ, नोंदवणारा या तिघांवर मिळून लावा, याच क्रमानं. याचे दोन फायदे, एकच नोंद दोनदा घुसत नाही आणि युनिकमुळं आपोआप बनणारा इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून डेटाबेस ठेवतो ती सूची) 'या ठिकाणची सगळ्यात ताजी नोंद' शोधायलाही उपयोगी पडतो, वेगळा इंडेक्स बनवावा लागत नाही.

हे सगळं 'डीबी डॉट जेएस' नावाच्या फाइलीत. वर लायब्ररी इम्पोर्ट, मग फाइलचं नाव देऊन डेटाबेस उघडायचा, उघडल्याबरोबर दोन प्रॅग्मा (एसक्यूलाइटच्या सेटिंग्ज) चालवायचे: 'जर्नल मोड' डब्ल्यूएएल, ज्यामुळं कुणी लिहीत असताना वाचणारे थांबत नाहीत, आणि 'फॉरेन कीज' ऑन, ज्यामुळं अस्तित्वात नसलेल्या ठिकाणाची नोंद पडत नाही. मग 'एक्झेक' नं टेबलं, प्रत्येकाला 'इफ नॉट एक्झिस्ट्स' लावून म्हणजे दर वेळी सर्व्हर चालू करताना बोंबलत नाही. शेवटी आयर्विनची एक ओळ घाला आणि डेटाबेस एक्सपोर्ट करा.

बाय द वे, टेबलांची आणि कॉलमची नावं एसक्यूलाइटमध्ये देवनागरीत चालतात, जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलही चालतात. शिकताना ज्यांना मराठीत विचार करायला बरं वाटतं त्यांनी खुशाल ठेवावीत. यूआरएल मात्र इंग्रजीत ठेवा, देवनागरी यूआरएल कॉपी केली की टक्क्यांची चिन्हं भरलेली लांबलचक ओळ होते.

सर्व्हर उभा करणे

'सर्व्हर डॉट जेएस' मध्ये एक्सप्रेस इम्पोर्ट करा, 'ॲप' बनवा, 'ॲप डॉट यूज' मध्ये 'एक्सप्रेस डॉट जेसन' द्या. ही ओळ आलेल्या मजकुराचा जेसन वाचून 'रिक्वेस्ट डॉट बॉडी' मध्ये ठेवते. ती राउटच्या (कोणत्या यूआरएलला काय उत्तर द्यायचं ते सांगणारा कोड) वर हवी, खाली लिहिली तर बॉडी रिकामीच मिळते. मजकुराची मर्यादा मुळात १०० केबी असते, आपल्याला २ केबीही खूप झाली तेव्हा 'लिमिट' कमी करून टाका. शेवटी 'लिसन' मध्ये पोर्ट ३०००. चालवायचं 'नोड डॅश डॅश वॉच सर्व्हर डॉट जेएस' असं, फाइल सेव्ह केली की आपोआप रीस्टार्ट होतं, नोडमॉन वगैरे वेगळं लागत नाही.

राउट तीनच करू. ताजी पातळी मागणारा गेट, मागच्या नोंदी मागणारा गेट, आणि नवी नोंद टाकणारा पोस्ट. गेट म्हणजे वाचायची विनंती, पोस्ट म्हणजे नवीन काही पाठवायची.

ताज्या पातळीचा राउट सोपा आहे. ठिकाणाचा आयडी यूआरएलमधून येतो, क्वेरी 'प्रिपेअर' करून 'गेट' नं चालवायची, स्थिती ठीक असलेल्यांतली वेळेनं सगळ्यात नवी एक. क्वेरीत आयडीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि खरी किंमत वेगळी द्यायची. मजकूर जोडून क्वेरी बनवायची नाही, कधीच नाही, यूआरएलमधून कुणीही काहीही पाठवू शकतो आणि तो मजकूर क्वेरीचा भाग झाला की तुमचं टेबल त्याच्या हातात. ठिकाणच नसेल तर ४०४, म्हणजे सापडलं नाही असं सांगणारा स्टेटस कोड.

उत्तरात काय द्यायचं याचा मात्र जरा विचार करा. नुसते इंच देऊन भागत नाही. फूट आणि बाकीचे इंच वेगळे द्या, इशारा ओलांडला का, धोका ओलांडला का ते द्या (पातळीच नल असेल तर इथंही नल, 'नाही' असं उत्तर नको), आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोंद किती मिनिटं जुनी आहे ते द्या. सहा तासांपूर्वीचे ३९ फूट हे आत्ताचे ३९ फूट नाहीत. ॲप बनवणाऱ्याला तो आकडा समोर दिसला तर तो तीन तासांवरची नोंद करड्या रंगात दाखवेल, दिसलाच नाही तर कुणी विचारही करणार नाही. मराठीत वेळ लिहून द्यायची असेल तर 'इंटल डॉट डेटटाइमफॉरमॅट' ला मराठी भारत हा लोकेल आणि एशिया-कोलकाता हा टाइमझोन द्या, आकडेसुद्धा देवनागरीत येतात.

मागच्या नोंदींच्या राउटला 'पासून' आणि 'किती' हे दोन पॅरामीटर द्या. यूआरएलमधून आलेलं सगळं स्ट्रिंग असतं, आधी नंबर करा, 'नंबर डॉट इज इंटिजर' नं तपासा, आणि 'किती' वर २०० ची टोपी घाला, नाहीतर कुणीतरी एका फटक्यात आख्खं टेबल मागेल.

नवी नोंद, इथं घाई नको

आधी नोंदवणारा कोण ते. 'क्रिप्टो' मॉड्यूलमधल्या 'रँडमबाइट्स' नं ३२ बाइटची चावी बनवा, ती त्या माणसाला एकदाच द्या आणि आपल्याकडं तिचा शा-२५६ हॅश ठेवा. रिक्वेस्ट आली की ऑथरायझेशन हेडरमधली चावी घ्यायची, हॅश करायची, टेबलात शोधायची. सापडली नाही किंवा बंद असेल तर ४०१ (ओळख पटली नाही), पुढं काही वाचायचंच नाही. पुन्हा पुन्हा खोट्या नोंदी टाकणाऱ्याला थांबवायचं असेल तर त्याची ओळ बंद करायची, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

मग मजकूर. फूट आणि इंच वेगवेगळे मागा. दोन्ही पूर्णांक, इंच ० ते ११ मध्येच. कुणी १४ इंच पाठवले तर गुपचूप एक फूट दोन इंच करू नका, परत पाठवा, त्याचं बोट चुकलंय की डोळा हे आपल्याला माहीत नाही. आणि इथं आपल्याकडची एक खास अडचण येते, मराठी कीबोर्डवरनं कुणी ४१ देवनागरीत टाइप केलं तर जावास्क्रिप्टचं 'नंबर' त्याला 'नॅन' म्हणतं, म्हणजे हा आकडाच नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला बॅकस्लॅश डी पण देवनागरी अंक ओळखत नाही. उपाय छोटा आहे. शून्य ते नऊ हे देवनागरी अंक युनिकोडमध्ये २४०६ पासून ओळीनं आहेत, तेव्हा प्रत्येक अक्षराचा कोड बघायचा, २४०६ ते २४१५ मध्ये असेल तर २४०६ वजा करून उरतो तो अंक. पाच ओळींचं फंक्शन होतं. ते लिहाच, ज्या माणसाला फोन मराठीत वापरायची सवय आहे त्याची नोंद आपल्या आळसामुळं परत जायला नको.

वेळ भविष्यातली नको, फोनचं घड्याळ थोडं पुढं असतं म्हणून पाच मिनिटांची सूट द्या. मिनिटाच्या खालचे सेकंद काढून टाका.

आता मागच्या नोंदीशी तुलना. ताजी ठीक नोंद शोधा, फरक आणि मधला वेळ बघा, तासाला दोन फुटांपेक्षा जास्त उडी दिसली तर नोंद नाकारू नका पण स्थिती 'संशयित' ठेवा. नाकारू नका यावर माझा जोर आहे. वरून कोयनेचा विसर्ग वाढला, वारणेला पण पाणी आहे, अशा वेळी खरोखरची वेगानं वाढ आपल्या नियमात बसली नाही म्हणून फेकून दिली तर ज्या नोंदीसाठी हा सगळा खटाटोप तीच हरवली. दुसऱ्या कुणाचीही जवळपासची नोंद आली की दोन्ही ठीक करायच्या. हा दोन फुटांचा आकडा मी धरलाय, तुम्ही तुमच्या ठिकाणाप्रमाणं ठरवा.

मग इन्सर्ट. यशस्वी झालं तर २०१ आणि बनलेली नोंद परत. युनिक मोडला असं आलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा नेटवर्क तुटल्यामुळं फोननं तीच नोंद पुन्हा पाठवलेली असते. जुनी नोंद शोधून इंच जुळवा, जुळले तर २०० नं तीच परत द्या, वेगळे असले तर ४०९ (आधीच्या नोंदीशी जुळत नाही). बाकीच्या चुकांना ४०० आणि मराठीत स्पष्ट वाक्य: 'इंच ० ते ११ मध्ये हवेत'. नुसतं 'इनव्हॅलिड इनपुट' असं पाठवलं तर पुलावर पावसात उभ्या माणसानं त्याचं काय करायचं.

दुरुस्ती करायची असेल तर ओळ पुसू नका आणि आकडा बदलू नका, स्थिती रद्द करून नवी ओळ टाका. कोणत्या वेळी लोकांना काय दिसत होतं हे नंतर बघता आलं पाहिजे. अर्थात दुरुस्ती त्याच मिनिटाची असेल तर युनिक आडवं येतं, म्हणून युनिकच्या जागी 'युनिक इंडेक्स' करून त्याला 'व्हेअर स्थिती रद्द नाही' अशी अट लावा, एसक्यूलाइटला असा अर्धवट इंडेक्स चालतो. फक्त क्वेरीतही रद्द नसलेल्याच नोंदी हव्यात असं तसंच लिहा, तरच तो इंडेक्स वापरला जातो.

चुका पकडणं आणि तपासणं

सगळ्या राउटच्या खाली एक एरर हँडलर, चार पॅरामीटरचा. चौथा वापरला नाही तरी लिहायचा, एक्सप्रेस मोजूनच ओळखतं. एररला स्वतःचा स्टेटस असेल (जेसन मोडका आला तर ४०० असतो) तर तोच द्या, नाहीतर ५००. पूर्ण एरर आपल्या लॉगमध्ये, बाहेर फक्त 'सर्व्हरवर अडचण आली'.

तपासायला नोडचाच टेस्ट रनर आहे, 'नोड डॅश डॅश टेस्ट'. डेटाबेसच्या नावाच्या जागी 'कोलन मेमरी कोलन' दिलं की तो नुसता रॅममध्ये बनतो, टेस्टसाठी उत्तम. निदान एवढं तपासा: ४१ फूट ११ इंच हे ४१ फूट ६ इंचांपेक्षा मोठे ठरतात का, १२ इंच परत जातात का, देवनागरी ४१ चालतो का, तीच नोंद दोनदा पाठवल्यावर ओळ एकच राहते का, बरोबर ५४० ला धोका दाखवतो का. हे शेवटचं म्हणजे 'पेक्षा जास्त' की 'इतकं किंवा जास्त' हा प्रश्न, तो आधी ठरवून घ्या.

बाहेर ठेवताना

सर्व्हर सांगलीत घरी ठेवू नका, पुरात लाइट आणि नेट दोन्ही जातं आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज. छोटा भाड्याचा व्हीपीएस (दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधलं आपलं छोटं मशिन) घ्या. फुकटच्या होस्टिंगवर आधी बघा डिस्क टिकते का, बऱ्याच ठिकाणी रीस्टार्ट झाला की फाइली जातात आणि आपला डेटाबेस ही फाइलच आहे. पुढं कॅडी नावाचा वेब सर्व्हर लावा, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट तो स्वतः आणतो.

पाणी ४० च्या पुढं गेलं की सगळं गाव एकदम विचारायला लागणार. ताज्या पातळीच्या उत्तराला कॅश-कंट्रोल हेडर लावा, म्हणजे तेच उत्तर थोडा वेळ जवळ ठेवून वापरता येतं, ६० सेकंद पुरेत. मात्र उत्तर कॅशमध्ये असताना 'किती मिनिटं जुनी' हा आकडाही जुना होतो, म्हणून नोंदीची मूळ वेळपण सोबत द्या. पोस्टवर रेट लिमिट (एका पत्त्यावरून ठराविक वेळात ठराविकच विनंत्या), आणि कॅडी पुढं असल्यामुळं एक्सप्रेसला 'ट्रस्ट प्रॉक्सी' सांगायला विसरू नका नाहीतर त्याला सगळे लोक एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात आणि एकाच्या नादात सगळे अडतात. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून तुमची पातळी दाखवायची असेल तर 'कॉर्स' (दुसऱ्या साइटला ब्राउझरमधून आपली उत्तरं वाचू देणारी परवानगी) उघडा, पण फक्त गेटसाठी.

बॅकअप रोज. डब्ल्यूएएल चालू असताना नुसती मुख्य फाइल कॉपी केली तर ताज्या नोंदी शेजारच्या डब्ल्यूएएल फाइलीतच राहू शकतात, म्हणून लायब्ररीचं 'बॅकअप' फंक्शन वापरा किंवा 'व्हॅक्यूम इंटू' चालवा. ती प्रत दुसऱ्या मशिनवर न्या आणि तिथं एकदा उघडून ताजी पातळीची क्वेरी चालवून बघा. हे जून उजाडायच्या आत करून ठेवा.